लेट्रोझोलमुळे सांधे धरलेत, गोळी बंद करू की ॲक्युपंक्चर करून बघू?

ताई, तुम्ही लिहिलंय की आई 58 वर्षांच्या, खानापूर तालुक्यात गावाकडं राहतात, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो आणि रेडिएशन झालं, आता आठ महिने लेट्रोझोल चालू आहे आणि तिसऱ्या महिन्यापासून हाताची बोटं, मनगटं, गुडघे असे धरलेत की सकाळी मूठच वळत नाही. कुणीतरी ॲक्युपंक्चरच्या सुयांचं सांगितलं, घरात निम्मे लोक म्हणतात करून बघूया, निम्मे म्हणतात सुया टोचल्या की गाठ पसरते, आणि आई म्हणतात मी गोळीच बंद करते. मी बेळगावात ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते आणि कॅन्सरची ट्रीटमेंट झालेल्या बायका माझ्याकडं बहुतेक ह्याच तक्रारीसाठी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळीचं बोलूया, कारण मला काळजी तिचीच वाटते. आईंना गोळी मनाने बंद करू देऊ नका. केमो संपली, रेडिएशन संपलं, गाठ काढली, मग ही बारकीशी गोळी राहिली तर काय बिघडतंय असं बऱ्याच जणींना वाटतं, पण त्यांच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये, ही पाच वर्षांची गोळी म्हणजे ट्रीटमेंटचा एक मोठा भाग आहे. 2015 साली 30 हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात असं दिसलं की पाच वर्षं लेट्रोझोलच्या गटातली गोळी घेतली तर हार्मोनची कुठलीच गोळी न घेण्याच्या मानाने स्तनाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण साधारण 40 टक्क्यांनी कमी होतं. एवढा फायदा सांधेदुखीपायी सोडायचा नाही, आणि दुखणं नुसतं सोसत बसायचंही नाही.

आता दुखतं का ते सांगते, कारण आईंना कारण कळलं की निम्मी भीती जाते. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येत नाही पण शरीर ते थोडं थोडं चरबीत, स्नायूंत तयार करत राहतं, त्यासाठी ॲरोमाटेज नावाचं एंझाइम लागतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्सेमेस्टेन ह्या तिन्ही गोळ्या तेच एंझाइम बंद करतात, त्यामुळं इस्ट्रोजेन अगदी तळाला जातं. कॅन्सरच्या पेशींना खायला मिळत नाही हा त्याचा फायदा. पण सांध्यांना, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना, हाडांना सुद्धा त्या थोड्या इस्ट्रोजेनची सवय असते, ते गेलं की सकाळचा ताठरपणा, बोटं अडकणं, रात्री हाताला मुंग्या, जिना उतरताना गुडघा, असं सगळं सुरू होतं. साधारण निम्म्या बायकांना कमी-जास्त होतं, बहुतेकींना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. म्हणजे आईंना तिसऱ्या महिन्यात सुरू झालं हे अगदी ठरल्या चालीनं झालंय, हा संधिवातच असेल किंवा हाडं झिजली असतील असं नाही, आणि कॅन्सर परत आला असं तर लगेच अजिबात समजू नका.

तरी एक तपासून घ्यायचं. ह्या गोळीचं दुखणं दोन्ही बाजूंना असतं, सकाळी जास्त असतं आणि हालचाल केली की सैल होतं. ह्याच्या उलट एकाच ठिकाणी, पाठीच्या मणक्यात, खुब्यात किंवा बरगडीत, रात्री झोपेतून उठवणारं, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं असेल, पायातली ताकद गेल्यासारखी वाटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर माझ्याकडं नाही, कुठल्याच सुईवाल्याकडं नाही, थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जायचं, त्याच दिवशी. आणि केमोत पॅक्लिटॅक्सेल दिलं असेल तर त्यामुळं तळपायाला आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, बधिरपणा राहतो, ते वेगळं प्रकरण, सांध्याचं नाही. आईंना नेमकं काय होतंय ते नीट विचारून घ्या, कारण आपल्या बायका सगळ्यालाच 'अंग दुखतंय' म्हणतात.

आता सुयांचं.

ह्यावर जो सगळ्यात मोठा नीट केलेला अभ्यास आहे तो अमेरिकेतला, 2018 साली छापून आला. 226 बायका होत्या, सगळ्या तुमच्या आईंसारख्याच, पाळी गेलेल्या, ह्याच गटातल्या गोळीवर, सांधे दुखणाऱ्या. त्यांचे तीन गट केले, एकाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला नुसतं वरवर भलत्याच जागी टोचलेलं खोटं ॲक्युपंक्चर, तिसऱ्याला काहीच नाही, थांबा म्हणून सांगितलं. पहिले 6 आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे 6 आठवडे आठवड्यातून एकदा. शून्य ते दहाच्या मापात सगळ्यात जास्त दुखण्याचा आकडा सहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटात दोनने खाली आला, बाकी दोन्ही गटांत साधारण एकने. पुढं त्याच बायकांना वर्षभर बघितलं, ते 2022 मध्ये आलं, आणि 52 आठवड्यांनीही खऱ्या सुयांच्या गटाचं दुखणं बाकीच्यांपेक्षा साधारण एका आकड्याने कमीच होतं. मला स्वतःला ह्यातलं हे वर्षभराचंच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पेनकिलरचा असर संध्याकाळपर्यंत टिकतो आणि आपल्याला पाच वर्षं काढायची आहेत.

तुम्ही विचाराल की खऱ्या-खोट्यात फरक एकाच आकड्याचा, मग एवढी धावपळ कशाला. बरोबर विचाराल. आणि खरं सांगायचं तर 2013 साली 51 बायकांचा एक लहान अभ्यास झाला होता त्यात खऱ्या आणि खोट्या सुयांत काहीच फरक निघाला नाही, दोन्हीकडच्या बायकांना थोडं बरं वाटलं. म्हणून जो कुणी तुम्हाला सांगेल की दहा सिटिंगमध्ये दुखणं मुळापासून घालवतो, त्याच्याकडून उठून या. पण सगळं एकत्र बघून 2022 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर तज्ज्ञांच्या संस्थांनी जे मार्गदर्शन काढलं त्यात ह्या गोळीच्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवावं असं स्पष्ट म्हटलंय, आणि माझा रोजचा अनुभवही तोच आहे, दुखणं जात नाही, पण सोसण्याजोगं होतं आणि गोळी चालू राहते. दहातलं सात असलेलं दुखणं पाचवर आलं तर बाहेरच्याला काही दिसत नाही, पण ज्या बाईला पहाटे केस विंचरता येत नव्हते तिला ते येतात.

निपाणीकडच्या एक मावशी माझ्याकडं यायच्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. त्यांना मी कागदावर आकडा विचारला की त्या म्हणायच्या, 'मला काय कळतंय ओ त्यातलं.' मग मी म्हटलं पुढच्या वेळी कात्री, पान आणि दोरा घेऊन या, तंबाखू नको. त्या घेऊन आल्या. पान कापलं ठीक, वळायलाही जमलं, पण विडीचं तोंड नखाने दाबून आत मुडपायचं असतं ना, तिथं अंगठा थांबायचा, चेहरा आक्रसायचा आणि पान उलगडून जायचं. दर काही दिवसांनी आम्ही तेवढंच बघायचो. दीडेक महिन्यात तोंड मुडपायला लागलं, दोरा बांधताना मात्र शेवटपर्यंत दुखायचंच आणि बोट अधूनमधून टक् करून अडकायचं ते काही सुटलं नाही, त्यासाठी त्यांना हाताच्या डॉक्टरांकडं पाठवलं. पण गोळी त्यांनी सोडली नाही. तुमच्या आईंचंही असंच एखादं रोजचं काम ठरवा, भाकरी थापणं, कपडे पिळणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं, आणि फरक पडतोय का ते त्या कामावर बघा. कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळी एक आकडा लिहून ठेवला तरी चालेल, डॉक्टरांना दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गाठ पसरते का? नाही पसरत. सुई कॅन्सरच्या गाठीत किंवा ऑपरेशनच्या जागेत टोचतच नाहीत, हात-पाय-कान इथल्या जागांवर टोचतात, आणि त्याने पेशी पसरतात असं कुठं दिसलेलं नाही. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव, त्यातून औषध जात नाही. इंजेक्शनची सुई आठवून आई घाबरत असतील तर त्यांना आधी एक सुई हातात घेऊन बघू द्या, ती बोटावर वाकते. टोचताना मुंगी चावल्यागत होतं, मग त्या जागी जड जड, दुखरं वाटतं, तेवढं वाटायलाच हवं. मग वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. होतं काय तर त्या जागच्या नसांना चेतना मिळते, मज्जारज्जूत आणि मेंदूत दुखण्याचा निरोप दाबणारी जी शरीराची आपली रसायनं आहेत, एंडॉर्फिनसारखी, ती सुटतात. ह्याच्यापुढं ऊर्जा-बिर्जा, विषारी द्रव्यं बाहेर पडतात वगैरे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

जागा कुठल्या ते सगळं इथं लिहून उपयोग नाही पण त्या मोठ्या अभ्यासात अंगठा आणि तर्जनीच्या मधली, मनगटाच्या मागची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या पुढची आणि आतल्या बाजूची, पावलावरची अशा ठरावीक जागा होत्या, वर जो सांधा जास्त दुखतो त्याच्या आसपासच्या आणि कानावरच्या. म्हणजे नुसतं गुडघा दुखतो म्हणून गुडघ्यात चार सुया टोचून 'झालं' म्हणणारा माणूस हे काम नीट करत नाहीये.

आता काळजी काय घ्यायची, इथं जरा नीट वाचा, कारण सुया करणारे सगळेच कॅन्सरच्या पेशंटबद्दल हे विचारतात असं नाही.

ज्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सुई टोचायची नाही. हात सुजलेला नसला तरी मी टोचत नाही. त्या हातातला लसिकेचा, म्हणजे अंगातल्या पातळ पाण्याचा, निचरा कमी झालेला असतो, तिथं बारीकसं इन्फेक्शन झालं तरी हात सुजून बसू शकतो आणि ती सूज वर्षानुवर्षं राहू शकते. आईंना हॉस्पिटलमध्ये सांगितलंच असेल की त्या हाताला बीपी बघायचा नाही, इंजेक्शन घ्यायचं नाही, तसंच हे. मग त्या हाताच्या बोटांचं काय करायचं? दुसऱ्या हातावर, पायांवर, कानावर करून चांगला फरक पडतो, म्हणून हट्ट करायचा नाही. आणि तुम्हीच आधी सांगा, 'ही बाजू ऑपरेशनची', कारण साडीचा पदर असतो, समोरच्याला दिसत नाही, आणि आई संकोचून गप्प बसतात.

नुकताच केलेला रक्ताचा रिपोर्ट सोबत न्या. केमो संपून आठ महिन्यांच्या वर झालेत त्यामुळं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बहुतेक नॉर्मल असतील, तरी बघायचं, खूप कमी असतील तर सुया पुढं ढकलायच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं, पेसमेकरवाल्याला करंट लावलेल्या सुया चालत नाहीत. छातीवर आणि खांद्याच्या वर खोल सुई नको, फुप्फुसाला इजा होऊ शकते, क्वचित होते पण होते. सुया सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या, एकदाच वापरून टाकून द्यायच्या. आईंना 'तुमच्या नावाच्या सुया डबीत ठेवल्यात' असं कुणी सांगितलं तर चालणार नाही. काळे-निळे डाग पडतात, त्या अभ्यासात खऱ्या सुयांच्या गटातल्या जवळपास निम्म्या बायकांना पडले, ते आपोआप जातात. पहिल्या वेळी उपाशीपोटी न्यायचं नाही, चक्कर येते, भाकरी-भाजी खाऊन आणा.

सुया कुणाकडून करायच्या हा आपल्या भागात अवघड प्रश्न आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, महाराष्ट्राने त्याआधीच त्यासाठी वेगळा कायदा केला, पण बोर्ड लावलेला प्रत्येक माणूस शिकलेला असतो असं नाही. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये ज्या पथकाबरोबर चीनला गेले त्याच पथकातल्या डॉक्टर बसूंनी पुढं ही विद्या चीनमध्ये शिकून भारतात आणली, त्यामुळं इतकी जुनी गोष्ट असून नीट शिकलेली माणसं अजून तालुक्याच्या गावात सहज सापडत नाहीत ह्याचं मला फार वाईट वाटतं. जाल तिथं सरळ विचारा, कुठं शिकलात, कॅन्सरचे पेशंट बघता का, आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलाल का. शेवटच्या प्रश्नाला 'त्याची काय गरज' असं उत्तर आलं तर परत फिरा. आणि कॅन्सर सुयांनी बरा करतो, गोळ्या बंद करा, असं कुणी म्हणालं तर तिथं एक मिनिट थांबू नका.

खर्चाचं म्हणाल तर फी आधी विचारा आणि सगळं पॅकेज आगाऊ भरू नका. सहा-सात सिटिंगनंतर आकड्यात आणि कामात काहीच हललं नाही तर मी स्वतःच पेशंटला सांगते की तुमच्यावर हे चालत नाहीये, पैसे घालवू नका. जाण्या-येण्याचं म्हणाल तर शक्ती योजना आहेच, कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास 2023 पासून फुकट झालाय, आधार कार्ड तेवढं पिशवीत असू द्या. आठवड्यातून दोनदा खानापूर-बेळगाव करणं 58 वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्यांना सोपं नाही हे मला कळतं, बसची पायरीच केवढी उंच असते, म्हणून सकाळच्या गर्दीची बस सोडून दुपारची घ्या, दुपारी सांधेही सैल झालेले असतात.

सुयांच्या बरोबरीने जे करायला पाहिजे आणि जे फुकट आहे ते म्हणजे चालणं. ह्याच दुखण्यासाठी अमेरिकेत 121 बायकांवर व्यायामाचा अभ्यास झाला, 2015 मध्ये आला, आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनाचे व्यायाम वर्षभर केले तर दुखणं 29 टक्क्यांनी कमी झालं. आई म्हणतील घरचं काम एवढं करते तेच चालणं, पण चुलीपाशी उभं राहणं आणि रस्त्यावर हात हलवत अर्धा तास चालणं ह्यात फरक आहे. सुरुवात दहा मिनिटांनी करा. वजन म्हणून पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटल्या पुरतात, ऑपरेशनच्या हाताला किती वजन उचलायचं ते मात्र फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. सकाळी उठल्या उठल्या पीठ मळायला बसायचं नाही, आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून पाचेक मिनिटं मूठ उघड-मीट करायची, पाणी सोसवेल इतकंच गरम, ऑपरेशनच्या हाताला कढत पाणी नको.

आणि डॉक्टरांकडं पुढच्या तारखेला नुसतं 'ठीक आहे' म्हणून येऊ नका. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर इंग्लिशमध्ये नाहीतर कन्नडमध्ये विचारतात, आई मान हलवतात आणि दोन मिनिटांत बाहेर, हे मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही सोबत जा आणि सांगा की आई गोळी सोडायच्या बेतात आहेत. त्यांच्या हातात बरेच उपाय असतात, दोन-तीन आठवडे गोळी थांबवून बघणं, लेट्रोझोल बदलून एक्सेमेस्टेन किंवा ॲनास्ट्रोझोल देणं, एकीने दुखतं ते दुसरीने दुखेलच असं नाही, नाहीतर टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचीच वेगळ्या प्रकारची गोळी. ड्युलोक्सेटिन नावाची गोळीही ह्या दुखण्यावर चालते पण ती टॅमॉक्सिफेनबरोबर घ्यायची नसते, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने काहीच आणू नका. व्हिटॅमिन डी आणि हाडांची डेक्सा तपासणी झाली नसेल तर तीही विचारा, ही गोळी हाडं ठिसूळ करते आणि ते आधी दुखून सांगत नाही.

सांधेदुखीच्या पुड्यांबद्दल मुद्दाम सांगते कारण बाजाराच्या दिवशी त्या आपल्याकडं सर्रास मिळतात. दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटलं तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असायची शक्यता मोठी असते, साखर वाढते, हाडं अजून पोखरतात. पाळी गेलेल्या बायकांसाठी म्हणून विकली जाणारी हार्मोनसारखी काम करणारी औषधंही नकोत, जे इस्ट्रोजेन गोळीने खाली आणलं तेच आपण मागच्या दाराने परत देतो.

तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा की ॲक्युपंक्चरला तुमची हरकत आहे का, फाईलवर एक ओळ लिहून मागा. मग डिस्चार्ज कार्ड, रक्ताचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कॅलेंडरवरचे आकडे घेऊन जवळच्या शिकलेल्या माणसाकडं जा. आईंना सैल बाहीचा ब्लाउज घालायला सांगा, दुसऱ्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सरकतील इतपतच ठेवा, आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः शेजारी बसा.